मालक सरकारच, मग मोकळीक कसली?

गेल्या महिन्यात याच सदरात मी लिहिलं होतं की, एखादं सरकारी महामंडळ तोट्यात गेलं की लगेच ‘बंद करा’, ‘विकून टाका’ म्हणू नये; त्याचे निर्णय खरोखर कोण घेतं ते आधी तपासावं. त्यावर बरीच पत्रं आली. काही रागाची, काही काळजीची. त्यातली निवडक इथे घेते. माझी सगळी नोकरी राज्याच्या वित्त व लेखा सेवेत झाली. त्यातला मोठा काळ महामंडळांत आणि प्राधिकरणांत प्रतिनियुक्तीवर गेला. त्यामुळे माझं उत्तर हिशेबाच्या बाजूने येणार, हे वाचकांनी गृहीत धरावं.

ताई, २००५ मध्ये वीज मंडळ मोडून चार कंपन्या केल्या. ऑफिस तेच, साहेब तेच, लाइनमन तोच. नुसती पाटी बदलून कारभार कसा सुधारणार? — एक शेतकरी वाचक, जालना जिल्हा

दादा, फरक पडला आहे. पण तो २००५ च्या विभाजनात शोधू नका. तो १९९९ मध्ये स्थापन झालेल्या वीज नियामक आयोगात शोधा.

१९६० पासून राज्यात वीज मंडळ होतं. दर किती, सवलत कुणाला, वीज कुणाकडून घ्यायची, हे मंडळ आणि मंत्रालय आपसात ठरवत. कागदावर मंडळ स्वायत्त होतं, पण कुठला निर्णय मंडळाचा आणि कुठला मंत्र्यांचा हे बाहेरच्या माणसाला कधी कळायचं नाही. १९९३ मध्ये एन्रॉनच्या दाभोळ वीजप्रकल्पाशी वीजखरेदी करार झाला तो याच पद्धतीने. राज्याच्या तिजोरीवर एवढा बोजा टाकणारा करार, आणि सही होण्याआधी तो जनतेसमोर आला नाही. २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला तोवर व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं.

आयोग आल्यावर दर वाढवायचे तर मंडळाला अर्ज करावा लागू लागला. अर्ज जाहीर व्हायचा, हरकती मागवल्या जायच्या, सुनावणी उघड व्हायची. २००० मध्ये दरनिश्चितीचा पहिला आदेश आला. त्या आणि पुढच्या एकदोन सुनावण्यांत जे बाहेर आलं ते तुमच्यासारख्या प्रत्येक शेतकऱ्याने नीट समजून घ्यावं असं आहे.

मंडळ आपली वीजगळती वीस टक्क्यांच्या आत दाखवत असे. शेतीपंपांना बहुतांश मीटर नव्हते, बिल हॉर्सपॉवरवर निघायचं. मग हिशेब कसा करायचे? एकूण विजेतून मीटरवर विकलेली वीज वजा करायची, गळतीचा एक ठरीव आकडा वजा करायचा आणि जे उरेल ते शेतीचा वापर म्हणून लिहायचं. म्हणजे शहरातली चोरी, जुनाट तारांतला ऱ्हास, कुणा बड्या ग्राहकाच्या मीटरमधली लबाडी, सगळं शेतकऱ्याच्या खात्यावर. पुण्याचा प्रयास गट, मुंबई ग्राहक पंचायत यांच्यासारख्या अभ्यासू लोकांनी आयोगापुढे कागद मागितले, प्रश्न विचारले. मंडळाला आकडे पुन्हा मांडावे लागले आणि गळती तीस टक्क्यांच्या वर गेली. कागदावर ती वाढली, आणि मी त्यालाच सुधारणा म्हणते. तोवर ‘शेतकरी वीज फुकट उधळतो’ हे वाक्य सरकारी आकड्यांच्या आधारावर उभं होतं. तो आधार त्या दिवशी गेला.

अशा एका सुनावणीला मी नुसती ऐकायला गेले होते. विभागीय आयुक्त कार्यालयाचं सभागृह, पुढे आयोगाचे सदस्य, एका बाजूला वीज कंपनीचे अभियंते फायलींचे गठ्ठे घेऊन. यंत्रमागवाले होते, बर्फ कारखान्याचा मालक होता, ग्राहक संघटनेचे वकील होते. मागच्या रांगेतले एक वयस्कर गृहस्थ उठले. हातात पंपाची दोन बिलं. म्हणाले, “कॅनॉलला पाणी असतंय तवा माझा पंप चार महिने बंद असतोय. मग बारा महिने सारखेच युनिट कसे येतात, एवढंच सांगा.” सभागृह शांत झालं. अभियंता काहीतरी सरासरीचं बोलू लागला, तेव्हा अध्यक्षांनी त्याला थांबवून लेखी उत्तर द्यायला सांगितलं आणि प्रश्न नोंदवून घेतला. मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवून जे उत्तर मिळालं नसतं, ते तिथे मागता आलं. पाटी बदलण्यात आणि कारभार बदलण्यात मला दिसतो तो फरक हा.

आता २००३ च्या वीज कायद्यातलं कलम ६५. सरकारला एखाद्या वर्गाला स्वस्त किंवा मोफत वीज द्यायची असेल तर त्याची रक्कम सरकारने आगाऊ भरायची. भरली नाही तर त्या सवलतीचा आदेश लागूच होत नाही. लेखा खात्यातल्या बाईला याहून सुंदर कलम क्वचित वाचायला मिळतं. राज्याने २०२४ मध्ये साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांना मोफत वीज जाहीर केली, सुमारे ४४ लाख शेतकऱ्यांसाठी. ती द्यावी की नाही हा निवडून आलेल्या सरकारचा अधिकार आहे, त्यावर लेखाधिकाऱ्याने बोलू नये. पण ती सरकारने आपल्या अंदाजपत्रकातून, आपल्या नावाने द्यावी. महावितरणच्या ताळेबंदात ढकलून मग ‘कंपनी तोट्यात’ म्हणू नये. शेतीपंपांची थकबाकी चाळीस हजार कोटींच्या पुढे गेली ती एका दिवसात नाही. वर्षानुवर्षं ‘भरू नका, बघू’ असं कुणी तोंडी सांगायचं आणि ‘वसूल का झालं नाही’ असं कंपनीला लेखी विचारायचं, अशा रीतीने ती साचली.

विभाजनाचा उपयोग एवढाच झाला की निर्मिती, पारेषण आणि वितरण यांचे हिशेब वेगळे झाले. कुठल्या टप्प्यावर पैसा मुरतो ते निदान दिसू लागलं. त्यासाठी चार कंपन्या लागत होत्याच का, याबद्दल मला अजून शंका आहे.

मी एका महामंडळात वर्ग एक अधिकारी आहे. दर आठवड्याला कुठल्या तरी कार्यालयातून फोन येतो, ‘साहेबांची इच्छा आहे’. नियमात बसत नाही. नाही म्हटलं तर बदली, हो म्हटलं तर उद्या चौकशी. काय करावं? — नाव न छापण्याच्या विनंतीसह

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही एकटे नाही आहात.

मी ज्यांच्या हाताखाली काम केलं त्यातल्या एका व्यवस्थापकीय संचालकांची पद्धत सांगते. महामंडळाचं आणि त्यांचं नाव लिहीत नाही. फोन ठेवला की ते लगेच फाइल मागवत आणि स्वतःच्या हाताने टिपणी लिहीत: “आज सकाळी अमुक कार्यालयातून दूरध्वनीवर सूचना मिळाली की अमुक काम तातडीने हाती घ्यावे. अंदाजे खर्च इतका. चालू वर्षाच्या आराखड्यात हे काम नाही. सदर सूचना लेखी प्राप्त झाल्यास व निधीची तरतूद कळविल्यास संचालक मंडळापुढे ठेवता येईल.” खाली तारीख, वेळ, सही. मग त्याच मजकुराचं अदबीचं पत्र त्या कार्यालयाला. उत्तर बहुतेक वेळा यायचंच नाही आणि काम तिथेच थांबायचं. कधी लेखी आदेश आणि पैसे दोन्ही यायचे, मग आम्ही मन लावून ते काम करायचो. त्यांनी कुणाला कधी थेट नाही म्हटलं नाही.

तुमच्या पाठीशी नियमही आहे. वरिष्ठांचा आदेश शक्यतो लेखी असावा आणि तोंडी असेल तर तो लवकरात लवकर लेखी करून घ्यावा, असं अखिल भारतीय सेवांच्या वर्तणूक नियमांत आहे. टी. एस. आर. सुब्रमण्यन आणि इतर निवृत्त सनदी अधिकाऱ्यांच्या याचिकेवर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावलं: तोंडी आदेशावर काम करू नका, ते नोंदवून ठेवा. राज्याच्या २००५ च्या बदली कायद्यातही एका पदावर साधारण तीन वर्षांचा कालावधी मानला आहे, आणि मुदतीआधी बदली करायची तर कारणं नोंदवावी लागतात.

बदली होणारच नाही असं मी म्हणणार नाही. त्या संचालकांचीही झाली, मुदतीच्या आत. पण पुढे लेखापरीक्षणात जुन्या कामांची तपासणी निघाली तेव्हा त्यांच्या हाताखालच्या एकाही माणसाला खुलासा द्यावा लागला नाही. तुमच्या हाताखालीही अशी माणसं असतील. त्यांच्यासाठी तरी टिपणी लिहा.

जायकवाडीच्या पाण्यासाठी आम्ही दरवर्षी नाशिक-नगरकडे डोळे लावून बसतो. पाणी नियामक प्राधिकरण आहे म्हणतात. त्याच्या हातात नक्की काय आहे? — एक वाचक, पैठण

तुमच्या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत, एक आशेचं आणि एक संतापाचं.

संतापाचं आधी सांगते. २००५ मध्ये महाराष्ट्राने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. त्यात शेती, पिणं आणि उद्योग यांच्यात पाण्याचं वाटप ठरवण्याचा अधिकार प्राधिकरणाला दिला होता. सरकारने स्वतःहून आपले हात बांधून घेतले, म्हणून त्या वेळी मोठं कौतुक झालं. पण कायदा झाल्यावरही मंत्र्यांची उच्चाधिकार समिती सिंचनाचं पाणी उद्योगांकडे आणि शहरांकडे वळवत राहिली. अमरावतीत अप्पर वर्धाचं पाणी औष्णिक वीजप्रकल्पाला देण्यावरून लोक रस्त्यावर आले ते त्याच काळात. प्राधिकरणाचा अधिकार डावलला हे उघड झाल्यावर सरकारने काय करावं? निर्णय मागे घ्यावेत. झालं उलट. २०११ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून वाटपाचा अधिकार मंत्रिमंडळाकडे परत घेतला आणि आधीच्या निर्णयांना मागल्या तारखेने संरक्षण दिलं. संस्था राहिली, तिचा मुख्य अधिकार गेला. याचं मला आजही वाईट वाटतं, कारण अशा एका दुरुस्तीने पुढच्या दहा संस्थांवरचा लोकांचा विश्वास उडतो.

आता आशेचं. त्याच कायद्यातलं कलम १२(६)(क) शाबूत राहिलं. टंचाईच्या वर्षी खोऱ्यातल्या वरच्या आणि खालच्या धरणांत पाण्याचं समन्यायी वाटप व्हावं, असं ते सांगतं. त्याच्या आधारावर १९ सप्टेंबर २०१४ रोजी प्राधिकरणाने गोदावरी खोऱ्यासाठी आदेश दिला. मेंढेगिरी समितीच्या अभ्यासावरून नियम ठरला: खरीप सरताना, १५ ऑक्टोबरला, जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्या धरणसमूहांतून किती पाणी सोडायचं त्याचं कोष्टकच दिलं. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये समन्यायी वाटपाचं हे तत्त्व उचलून धरलं.

याचा परिणाम बघा. पूर्वी पाणी सोडायचं तर मुंबईत बैठक, दोन्हीकडचे आमदार, मोर्चे, आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचं पाणी. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाच्या कार्यकारी संचालकांनी मुळा, भंडारदरा-निळवंडे, गंगापूर आणि दारणा या समूहांतून साडेआठ टीएमसीहून थोडं अधिक पाणी सोडण्याचा आदेश काढला. विरोध झाला, पाणी लगेच सुटलं नाही, कोर्टकचेरी झाली, हे खरं. तरीही एका महामंडळाचा अधिकारी असा आदेश काढू शकला, कारण आकडा त्याच्या मर्जीचा नव्हता, आधी ठरलेल्या कोष्टकाचा होता. वरच्या बाजूच्या शेतकऱ्याची बाजूही मी समजू शकते. त्याचंही पीक उभं असतं. पण त्यालासुद्धा पेरणीआधी नियम माहीत असणं हे ऐनवेळच्या फर्मानापेक्षा बरं.

तुम्ही १५ ऑक्टोबर ही तारीख आणि जायकवाडीचा जिवंत साठा यांवर लक्ष ठेवा. मागणीचं पत्र द्याल तेव्हा या आदेशाचा उल्लेख तारखेसह करा.

एमपीएससीची तयारी करते. ‘एजन्सी’ पद्धत ब्रिटनमधून आली असं क्लासमध्ये शिकवलं. ती तिथे यशस्वी झाली का? — एक विद्यार्थिनी, पुणे

बाळ, ब्रिटनने तिला गाजवलं, हे खरं. थॅचर यांच्या काळात, १९८८ मध्ये, रॉबिन इब्स यांच्या गटाचा ‘नेक्स्ट स्टेप्स’ अहवाल आला. धोरण मंत्रालयाने ठरवावं आणि रोजचं काम वेगळ्या एजन्सींनी करावं, प्रत्येकीला प्रमुख, उद्दिष्टं आणि लेखी चौकट असावी, असा त्याचा गाभा. दहाएक वर्षांत तिथले तीन चतुर्थांश सरकारी कर्मचारी अशा रचनेत आले. पासपोर्ट, वाहन परवाने अशी मोजता येणारी कामं सुधारली.

पण परीक्षेत एक उदाहरण आवर्जून लिही. तुरुंग सेवेचे प्रमुख म्हणून खासगी क्षेत्रातून डेरेक लुइस यांना आणलं होतं. जानेवारी १९९५ मध्ये पार्कहर्स्ट तुरुंगातून कैदी पळाले. गृहमंत्री मायकेल हॉवर्ड यांची भूमिका अशी की धोरण माझं, अंमलबजावणी प्रमुखांची. ऑक्टोबरमध्ये लुइस यांना काढून टाकलं. मंत्र्यांचं कार्यालय रोजच्या कामात हात घालत होतं, असं लुइस यांचं म्हणणं होतं. म्हणजे कामात हस्तक्षेप करायचा असेल तेव्हा सीमारेषा पुसट आणि दोष द्यायचा असेल तेव्हा ठळक. आपल्याकडे हे वेगळं वाटतं का?

स्वीडन बघ. तिथे एजन्सींची परंपरा शतकांची आहे आणि एखाद्या नागरिकाच्या प्रकरणात एजन्सीने काय निर्णय द्यावा हे मंत्र्याने सांगायचं नाही, असं राज्यघटनेतच आहे. आपल्या दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगानेही कार्यकारी एजन्सींची शिफारस केली होती. ती वाचताना एकच प्रश्न विचारत जा: मंत्र्याने काय करू नये, हे कुठे लिहिलं आहे?

माझे बाबा एसटीत कंडक्टर होते. २०२१ च्या संपात एसटीच्या राज्य शासनात विलीनीकरणाची मागणी होती. ती मान्य झाली असती तर एसटी वाचली असती ना? — एक वाचिका, सांगली

त्या संपात घराघरांत काय सोसलं गेलं याची मला कल्पना आहे, म्हणून जपून लिहिते. नोकरीची शाश्वती आणि वेळेवर पगार ही मागणी शंभर टक्के न्याय्य होती. विलीनीकरणाने पगार तिजोरीतून आला असता. पण कुठल्या गावाला गाडी जावी, किती गाड्या घ्याव्यात, हे निर्णय सुधारले असते असं मला वाटत नाही. ते मुंबईच्या आणखी जवळ गेले असते, एवढंच.

१ जून १९४८ ला नगर-पुणे पहिली गाडी धावली तेव्हापासून एसटी दोन कामं एकत्र करते: नफ्याचे मार्ग चालवणं, आणि जिथे नफा कधीच होणार नाही त्या वाडीवस्तीवर मुक्कामी गाडी नेणं. दुसरं काम समाजाचं आहे, त्याचा खर्च समाजाने द्यायला हवा. २०२२ मध्ये ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास आणि २०२३ मध्ये महिलांना अर्धं तिकीट झालं. माझ्या गावच्या बायका आता माहेरी, दवाखान्यात, बाजाराला मोकळेपणी जातात. मला या योजनेचा अभिमान वाटतो. फक्त तिचा प्रत्येक रुपया शासनाने एसटीला ठरल्या दिवशी द्यावा. विजेला कलम ६५ आहे, स्वतंत्र आयोग आहे. एसटीला यातलं काहीच नाही. प्रतिपूर्ती लांबली की त्याचा पहिला फटका पगाराला आणि टायरला बसतो. तोट्याच्या मार्गांची यादी करून प्रत्येक मार्गामागे शासन किती देणार याचा वार्षिक लेखी करार व्हावा, आणि भाडं ठरवताना खुली सुनावणी व्हावी. संघटनांनी पुढची मागणी ही करावी, असं मला मनापासून वाटतं.

घराच्या वीजजोडणीचा अर्ज करून तीन महिने झाले. आमदारांना भेटू का? — एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

आमदारांच्या आधी कायद्याकडे जा. वीज कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे अर्ज पूर्ण असेल आणि नवी लाइन किंवा उपकेंद्र उभारावं लागत नसेल, तर एका महिन्यात जोडणी द्यायला हवी. अर्जाची पोचपावती आणि कोटेशन भरल्याची पावती काढा. कार्यालयाला साध्या कागदावर पत्र द्या, उशिराचं कारण लेखी मागा आणि तुमच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. शिक्क्याशिवाय परत येऊ नका. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर तुमच्या परिमंडळाच्या ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे तक्रार करा. वकील लागत नाही, मराठीत लिहिलेलं चालतं. अडचण सुरू झाल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार झाली पाहिजे. मंचाचा निर्णय मान्य नसेल तर साठ दिवसांत विद्युत लोकपालांकडे जाता येतं. ठरलेल्या मुदतीत सेवा दिली नाही तर भरपाई देण्याचीही तरतूद कायद्यात आहे. तक्रारीत ती वेगळ्या ओळीत मागा, कारण मागितली नाही तर राहून जाते. लाइन टाकावी लागणार असं कार्यालय म्हणालं, तर त्याचा अंदाज आणि मुदत लेखी घ्या आणि ते पत्र मला पाठवा. पुढच्या अंकात त्यावर लिहीन.